दातांच्या दवाखान्यातली लिंडा आणि तिचे समांतरभुज चौकोन

अमेरिकन गायिका लिंडा पेरहॅक्सचा 'पॅरलेलोग्राम्स' (म्हणजे समांतरभुज चौकोन) हा अल्बम १९७० मध्ये कॅप रेकॉर्ड्सनं काढला, आणि आला कधी गेला कधी कुणाला पत्ताच लागला नाही. आता त्याच्याबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेक ठिकाणी सूर एकच, की बघा दातांच्या दवाखान्यात काम करणारी साधी मुलगी आणि तिच्या हातून काय होऊन गेलं. हे 'होऊन गेलं' मला अजिबात पटत नाही. हा अल्बम तिनं रचलाय, नीट डोकं लावून रचलाय, आणि कान देऊन ऐकलं तर ते जागोजागी कळतं.

दवाखान्याची गोष्ट खरीच आहे म्हणा. लिंडा लॉस एंजेलिसजवळच्या बेव्हर्ली हिल्समध्ये हिरड्यांच्या डॉक्टरकडे डेंटल हायजिनिस्ट होती, म्हणजे पेशंटचे दात साफ करायचं काम, आणि राहायची टोपांगा कॅन्यनमध्ये, जिथे तेव्हा हिप्पी, चित्रकार, गाणारे असे सगळेच येऊन राहिले होते. पेशंटमध्ये एक होता संगीतकार लेनर्ड रोझेनमन. हा माणूस शोएनबर्ग या नामवंत आधुनिक संगीतकाराकडे शिकलेला, हॉलिवूडचा नट जेम्स डीनच्या सिनेमांना संगीत दिलेला, पुढे दोन ऑस्कर घेतलेला. त्यानं तिला विचारलं की तू इथे दात साफ करतेस तेवढंच करतेस असं वाटत नाही, अजून काय करतेस? तिनं घरी साधंसं रेकॉर्ड केलेली टेप त्याला दिली, त्यानं ती ऐकली आणि अल्बमच करायचा ठरवलं. पण त्याला टेपमध्ये काय सापडलं असेल हा प्रश्न फार कुणी विचारत नाही, आणि मला तरी गोष्टीतला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पहिलंच गाणं घ्या, 'चिमाकम रेन'. चिमाकम हे वॉशिंग्टन राज्यातलं, ऑलिंपिक पेनिन्सुलावरचं छोटंसं गाव, तिकडे जंगल भरपूर. सुरुवातीला नुसती गिटार, बोटांनी छेडलेली, सावकाश, आणि वर तिचा आवाज, अगदी कानाशी बोलल्यासारखा. मग त्याच आवाजाचे अजून थर येतात, एकावर एक, आणि मध्येच गाणं चक्क विरघळतं, शब्द सुटतात, आवाज इकडून तिकडे वाहायला लागतात, ताल कुठे आहे ते कळेनासं होतं, आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात गिटार पुन्हा जागेवर येते. पावसाचं वर्णन करणारी गाणी ढीगभर आहेत, इथे गाण्यालाच पाऊस लागलेला आहे.

आणि सहावं, म्हणजे टायटल गाणं. याचा जन्म तिनं स्वतः मुलाखतींत सांगितलाय: रात्री उशिरा रोझेनमनच्या घरून गाडीनं परत येत होती, तिला प्रकाशाच्या आकृत्या हलताना दिसल्या, तिनं गाडी बाजूला घेतली आणि जे दिसलं ते कागदावर काढून ठेवलं. स्वरलिपी वगैरे नाही, चित्रच. कुठला आवाज कुठून निघून कुठे जाणार त्याच्या रेषा. गाण्याचे शब्दसुद्धा भूमितीचेच, आकारांची नावं गोल गोल फिरत राहतात, एका आवाजाच्या मागे दुसरा त्याच ओळीनं येतो, तिसरा त्याच्या मागे. मग मधला भाग. गिटार थांबते, घंटा वाजल्यासारखं काहीतरी किणकिणतं, बासरी, तिचाच आवाज ताणून लांबवलेला, इलेक्ट्रॉनिक इफेक्ट, आणि सगळं डावीकडून उजवीकडे सरकत राहतं. अंगावर काटा येतो माझ्या, दर वेळी. त्यानंतर ती गोल फिरणारी धून परत येते तेव्हा तीच धून वेगळी वाटते. साडेचार मिनिटांत एवढा प्रवास, आणि तो आधी कागदावर आखलेला. याला योगायोग कसं म्हणायचं सांगा.

साथीला माणसंही साधी नव्हती. तालवाद्यांवर जॅझवाला शेली मॅन आणि मिल्ट हॉलंड, हा हॉलंड भारतात येऊन पंडित चतुरलालांकडे तबला शिकलेला. तरी कुणीही तिच्यावर चढत नाही. 'डॉल्फिन'मध्ये तर जवळजवळ काहीच नाही, गिटार आणि ती, बस. मला 'पेपर माउंटन मॅन' थोडं कमी आवडतं, त्यातला ब्लूज तिच्या आवाजाला घट्ट बसत नाही, पण ते एवढं एकच.

मग एवढं असून बुडाला का? कंपनीनं तो तेव्हाच्या एएम रेडिओला चालेल असा करायला वरचे आणि खालचे सूर छाटून टाकले. ज्या अल्बमचं सगळं काम थरांमध्ये आणि जागेमध्ये आहे त्याचं हे असं केलं म्हणजे उरलं काय? लिंडानं छापून आलेली रेकॉर्ड ऐकली आणि तिला ती सहनच झाली नाही. जाहिरात जवळजवळ शून्य. ती परत दवाखान्यात गेली आणि पुढची कितीतरी वर्षं तेच काम करत राहिली. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं, कारण तिला वाटलं असणार की आपलंच चुकलं.

१९९८ मध्ये मायकल पायपरच्या द वाइल्ड प्लेसेस या छोट्या लेबलनं अल्बम पुन्हा काढला, तोही जुन्या रेकॉर्डवरूनच, कारण लिंडा कुठे आहे हेच माहीत नव्हतं. पुढे पायपरनं तिला शोधून काढलं, तिच्याकडे स्वतःच्या टेप जपलेल्या होत्या, आणि त्यावरून अल्बम जसा असायला हवा होता तसा शेवटी लोकांच्या हातात आला. मग गायक देवेंद्र बॅनहार्टनं तिला आपल्या अल्बमवर गायला बोलावलं, ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा मिकाएल ओकरफेल्ट तिचं नाव घ्यायला लागला, आणि २०१४ मध्ये, म्हणजे ४४ वर्षांनी, तिचा दुसरा अल्बम आला. तोही ऐका, आवाज अजून तितकाच स्वच्छ आहे.

फक्त सुरुवात 'पॅरलेलोग्राम्स'पासून करा, आणि प्लीज, मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, डावा-उजवा बरोबर घालून. आणि यूट्यूबवर कुणी जुन्या रेकॉर्डवरून चढवलेला असेल तर तो सोडून टेपवरून केलेला शोधा, टायटल गाण्याच्या मधल्या भागात फरक लगेच कळेल.