फेअरिंगचा तडा आतून बुजवायचा असतो

बाईकच्या फेअरिंगला, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाला, तडा गेला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात, फेव्हिक्विक मारा नाहीतर नवीन पॅनल टाका. मला दोन्ही पटत नाहीत. फेव्हिक्विक वाळल्यावर काचेसारखं कडक होतं आणि फेअरिंग तर गाडी चालू असेपर्यंत थरथरत असते, त्यामुळे चार खड्ड्यांत तो जोड परत उघडतो. वर त्या वाळलेल्या ग्लूचा थर कडांवर बसतो आणि नंतर नीट काम करायचं म्हटलं की आधी तो खरवडत बसा. नवीन पॅनलचं म्हणाल तर माझी करिझ्मा झेडएमआर आहे, मॉडेल आलं २००९ ला. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "दादा, हे आता येत नाही, सेकंडहँड मिळालं तर बघा." आणि सेकंडहँड पॅनलचे कान, म्हणजे बोल्ट बसतो ते कडेचे तुकडे, बऱ्याचदा आधीच तुटलेले असतात. त्यामुळे आहे तेच नीट करणं हा माझ्या मते खरंच चांगला मार्ग आहे, आणि मन लावून केलं तर तो जोड वर्षानुवर्षं टिकतो.

सगळ्यात आधी प्लास्टिक कुठलं आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पॅनल काढून उलटं केलं की आतल्या बाजूला कुठेतरी प्लास्टिकच्या जातीचं नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं, एबीएस (ABS) किंवा पीपी (PP, म्हणजे पॉलिप्रोपिलीन). रंगवलेले चकचकीत पॅनल बहुतेक एबीएसचे असतात आणि सीटखालचे, मागच्या मडगार्डचे काळे न रंगवलेले भाग पुष्कळदा पीपीचे. खूण सापडली नाही तर आतल्या कडेची एक चिपटी कापा, तिच्यावर रंग राहू देऊ नका, आणि पाण्यात टाका. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. हे एवढं महत्त्वाचं का, तर एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं आणि पीपीला ॲसिटोनने काहीच होत नाही, साधा अराल्डाइट (दोन ट्यूब मिसळून लावायचा ग्लू) सुद्धा पीपीवरून सालीसारखा निघून येतो. पीपीला गरम करून पीपीचीच सळई वितळवून जोडणं हाच उपाय. बरेच जण केबल टाय वितळवून भरतात, पण केबल टाय नायलॉनचा असतो, तो एबीएसमध्येही मिसळत नाही आणि पीपीमध्येही नाही, नुसता वर बसतो.

आता एबीएसचं सांगतो कारण बहुतेकांना तेच लागणार आहे. पॅनल साबणाने धुवा, चेन लुबचा आणि पॉलिशचा तेलकटपणा पूर्ण गेला पाहिजे. मग तड्याचं टोक शोधायचं. डोळ्यांना दिसतं तिथे तडा संपत नाही, पॅनल दोन्ही हातांनी हलकंसं वाकवलं की पुढे केसासारखी पांढरी रेघ उमटते, ती जिथे संपते तिथे २ ते ३ मिलीमीटरच्या ड्रिल बिटने भोक पाडा. टोकदार चिरेच्या टोकावर सगळा ताण एकवटतो म्हणून ती पुढे पळते, गोल भोकात तो ताण पसरतो. हे भोक न पाडता कितीही भारी जोड मारलात तरी तडा त्याच्या पुढून निघणार.

भरायला लागणारा मालही एबीएसच. तुटून पडलेले तुकडे फेकू नका, गॅरेजमधून दुसऱ्या कुठल्या मोडक्या एबीएस पॅनलचा तुकडा मागून घ्या, लेगोचे ठोकळे पण एबीएसचेच असतात. रंग खरवडून बारीक तुकडे करा, काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाका, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा, सकाळी मधासारखा घट्ट लगदा तयार असतो. ॲसिटोन म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर घेत असाल तर लेबल वाचा, हल्ली बऱ्याच बाटल्यांत ॲसिटोन नसतंच. आणि हे काम गॅलरीत किंवा अंगणात करा, ॲसिटोनची वाफ झटकन पेट घेते, त्यामुळे बाटली उघडी असताना जवळपास गॅस, सिगारेट, गरम सोल्डरिंग आयर्न काही नको.

बाहेरच्या बाजूने दोन्ही कडा तंतोतंत जुळवून मास्किंग टेप ताणून लावा. इथे वेळ घालवा, अर्धा मिलीमीटर खालीवर राहिलं तर रंग लावल्यावर नक्की दिसतं. मग उलटं करून आतून तड्यावर पॉलिश पेपरच्या घडीने किंवा छोट्या कानशीने व्ही आकाराची खाच करा, साधारण अर्ध्या जाडीपर्यंत, आणि दोन्ही बाजूंचा बोटभर भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. खाचेत लगदा भरा, त्यावर स्टीलची बारीक जाळी ठेवा. मी चहाच्या जुन्या गाळणीची जाळी कापून वापरली, ती वाकते पण तुटत नाही आणि तिच्या डोळ्यांतून लगदा वर येऊन पकड घेतो. वरून परत लगदा, पण पातळ थरात, एक वाळला की दुसरा. एकदम जाड थापलात तर वरची साय वाळते आणि आत ॲसिटोन अडकून फुगे धरतात, प्लास्टिक मऊ पडून पॅनल वाकडंही होऊ शकतं. निदान एक पूर्ण दिवस हात लावू नका, थंडीत दोन.

आतून पक्कं झाल्यावरच बाहेरची टेप काढायची. पेंटरकडे गेलात की तो सरळ तड्यावर लांबी (पुट्टी) भरून प्रायमर मारायला बघतो, पण लांबीत जोर नसतो, ती फक्त पृष्ठभाग सपाट करायला असते. बाहेरून बारीक खाच, थोडा लगदा, मग १८०, ३२०, शेवटी ६०० चा पाणी पेपर, मग गरज वाटली तरच लांबीचा हात.

तरीपण तडा गेला का हे शोधलं नाही तर एवढी मेहनत वाया जाते. गाडी न पडताही बोल्टच्या भोकातून तडा निघाला असेल तर भोकात बसणारी रबराची रिंग (ग्रोमेट) आणि तिच्या आतली लोखंडी कॉलर, म्हणजे छोटी नळी, आहे का बघा. सर्व्हिसिंगला पॅनल उघडलं की ही कॉलर सहज पडून हरवते, मग बोल्ट आवळला की सगळा दाब थेट प्लास्टिकवर येतो, आणि उन्हाने आधीच ठिसूळ झालेलं जुनं एबीएस तो झेलत नाही. कॉलर स्पेअरच्या दुकानात सुटी मिळते, नाही मिळाली तर लेथवाल्याकडून त्या मापाची करून घ्या. बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून ठेवा, पॅनलचे लॉक जागेवर बसू द्या, एखादं भोक जुळत नसेल तर ओढून बोल्ट घालू नका, ब्रॅकेट वाकलंय का ते बघून आधी ते सरळ करा, आणि मगच छोट्या पान्याने एकेक बोल्ट बेताने आवळा.