दोन्ही दिवे एकदम

रविवार, रात्री

नंबर प्लेटचे दिवे आज एकदाचे लागले. मागच्या आठवड्यापासून प्लेटवर अंधार होता आणि ते मनाला लागून राहिलं होतं. बाकी सगळे दिवे गाडी चालवताना कुठे ना कुठे जाणवतात. हा तेवढा चालकाला कधीच दिसत नाही, दिसतो तो मागून येणाऱ्याला. अंधारात माझ्या गाडीची ओळख त्याला पटावी, एवढ्यासाठीच तो असतो.

एकच दिवा गेला असता तर मी सरळ बल्ब बदलला असता. पण दोन्ही गेले होते. दोन बल्ब एकाच वेळी जळणं अशक्य नाही, पण अशा वेळी मी आधी दोघांच्या सामाईक वाटेवर संशय घेते. पार्किंग लाईट व्यवस्थित लागत होते. पुष्कळ गाड्यांत नंबर प्लेटचे दिवे त्यांच्याच फ्यूजवर असतात, काहींत एका बाजूच्या पार्किंग लाईटबरोबर. तरी फ्यूज काढून पाहिला, धड होता. बल्बही काढले. पाच वॅटचे, बिनटोपीचे, काचेच्या बुडाचे. आतली तार शाबूत. होल्डरच्या पत्र्यांवर हिरवट थर होता, तो घासून काढला, पण उजेड नाही.

मग मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला आणि त्याने पूर्ण बारा व्होल्ट दाखवले! इथे माणूस हमखास गोंधळतो. वीज येतेय, बल्ब चांगला आहे, मग अडतंय कुठे? पण मीटर स्वतः जवळपास काहीच प्रवाह ओढत नाही. साध्या डिजिटल मीटरचा आतला रोध बहुधा एक कोटी ओहम असतो. तारेतला एकच धागा उरला असला, नाहीतर नुसता गंजाचा सांधा असला, तरी मीटरला तेवढं पुरतं. बल्बला पुरत नाही. पाच वॅटच्या एका बल्बला बारा व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर लागतात, दोघांना मिळून ०.८. एवढी मागणी आली की त्या उरल्यासुरल्या धाग्यावरच सगळा विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, खर्ची पडतो. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, भार असताना मोजलं पाहिजे. तसं मोजलं तेव्हा आकडा कोसळला.

आता प्रश्न एवढाच उरला की तुटलंय पुरवठ्याच्या बाजूला की अर्थच्या, म्हणजे गाडीच्या धातूतून वीज बॅटरीकडे परत जाते त्या. टेस्ट लॅम्पचं (तपासणीच्या छोट्या दिव्याचं) एक टोक गाडीच्या उघड्या धातूला (रंगावर नाही, रंग वीज अडवतो) आणि दुसरं होल्डरच्या पुरवठ्याला लावलं. तो लागला असता तर दोष अर्थचा. लागला नाही.

मग डिकीच्या बिजागरीपाशी गेले. सगळ्या तारा तिथे एका रबरी नळीतून जातात आणि डिकी उघडली-मिटली की त्याच जागी वाकतात. वर्षानुवर्षं असं वाकून आतलं तांबं तुटतं, वरचं आवरण मात्र अखंड दिसतं. नळी मागे सारून एकेक तार हलकेच ओढून पाहिली. चांगली तार ताणली जात नाही. तुटलेली रबरासारखी लांबते. एक लांबली. सापडल्याचा आनंद मोठा होता.

बॅटरीची अर्थ वायर काढली आणि तुटका भाग कापून बारीक धाग्यांची मऊ तार मध्ये झाळून (सोल्डर करून) जोडली. जोड मुद्दाम वाकण्याच्या जागेपासून दूर, एक इकडे नि एक तिकडे घेतला, कारण झाळलेली जागा कडक होते आणि वाकली की तिच्या कडेलाच पुन्हा तुटते. वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवली.

अशा वेळी एलईडी घालून बघायचा मोह पुष्कळांना होतो. मला तो पटत नाही. एलईडी कमी प्रवाहावर लागतो, त्यामुळे अर्धवट तुटलेली तार झाकली जाते आणि पुढे नेमकी नको त्या वेळी दगा देते. शिवाय काही गाड्यांना कमी प्रवाह म्हणजे बल्ब गेला असंच वाटतं आणि डॅशबोर्डवर इशारा येतो.

त्याच नळीत मागच्या वायपरची आणि काच तापवणाऱ्या जाळीची तार आहे. त्यांच्या आवरणाला भेगा दिसल्या. पुढच्या सुट्टीत त्याही बदलायच्या.