कोंबडा गेला तरी अंडी फलित

कोंबडा वेगळा केल्यावरही कोंबडी दोन-तीन आठवडे फलित अंडी देऊ शकते, याचं मला अजूनही नवल वाटतं. गर्भाशय आणि योनी जिथे जुळतात तिथे अतिसूक्ष्म नळ्या असतात. शुक्राणू त्यांत टिकून राहतात, तेही सुमारे ४१ अंश सेल्सिअसच्या अंगात! म्हणूनच कोंबडा बदलला की सुरुवातीची अंडी मी उबवायला ठेवत नाही. पिल्लांचा बाप कोण, हे खात्रीनं लिहिता येत नाही.

हा काळ कोंबडीगणिक वेगळा असतो आणि काही अंशी आनुवंशिकही. तैवानमध्ये ब्राऊन त्सैया बदकांत याच गुणावर पिढ्यानपिढ्या निवड करून तो वाढवला गेला.

अंडी फुकट गेली की सगळे मादीकडे बोट दाखवतात, ते मला पटत नाही. गुलाबतुऱ्याचंच, म्हणजे डोक्यावरच्या रुंद, चपट्या तुऱ्याचंच बघा. हा तुरा देणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या नराची प्रजननक्षमता कमी असते. २०१२ साली कारण उलगडलं: सातव्या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसल्यानं शुक्राणूंशी संबंधित जनुक मोडतो. एकच प्रत असलेल्या नराला हा त्रास नसतो. म्हणून गुलाबतुऱ्याच्या कळपात मी एकेरी (साध्या, उभ्या) तुऱ्याच्या माद्या मुद्दाम राखतो, म्हणजे त्यांच्या पिल्लांत दोन्ही प्रती एकत्र येत नाहीत.