तुम्ही विचारलंत म्हणून: भारतीय पासपोर्ट असून विलायतेत मत कशाला देता?

सुट्टीला घरी गेले की हा प्रश्न येतोच. इथे नॉटिंगहॅममध्ये नव्याने आलेली आपली मुलंमुलीही पहिल्याच गणपतीत विचारतात, "ताई, तुमचा पासपोर्ट अजून भारताचाच ना? मग इथे मत कसं देता? आणि देऊन फरक तो काय पडतो?"

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहत असेल तर त्याला कौन्सिलपासून (म्हणजे इथल्या महापालिकेपासून) पार्लमेंटपर्यंत मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे. मत दिल्याने आपल्या नागरिकत्वाला धक्का लागत नाही. इंग्लंडात २०२३ पासून मतदान केंद्रावर ओळखपत्र दाखवावं लागतं, तिथेही भारतीय पासपोर्ट चालतो. माझी पोलिश शेजारीण माझ्याइतकाच कर भरते, पण तिला फक्त कौन्सिलला मत आहे, पार्लमेंटला नाही. हा हक्क आपल्याला आयता मिळालेला आहे, म्हणून तो वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या भागाला वेळ लागेल. मी पगारपत्रकं करते, त्यामुळे माझं उत्तर पैशापासूनच सुरू होतं.

समजा एका नर्सचा वर्षाचा पगार ३०,००० पौंड आहे. पहिल्या १२,५७० पौंडांवर प्राप्तिकर नाही. उरलेल्यावर २० टक्क्यांनी ३,४८६ पौंड जातात. त्याच रकमेवर ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स, ही पेन्शनसारख्या लाभांसाठीची सक्तीची वर्गणी, म्हणजे आणखी साधारण १,३९४ पौंड. आता दुसऱ्या कुणाला घरं भाड्याने देऊन खर्च वजा जाता तेवढेच ३०,००० सुटत असतील, तर तो प्राप्तिकर भरतो आणि थांबतो. भाड्याच्या उत्पन्नावर नॅशनल इन्शुरन्स नाही. २०२७ पासून अशा उत्पन्नावर दोन टक्के जास्त कर घ्यायचं ठरलं आहे, पण तेवढ्याने अंतर मिटत नाही. रात्रपाळी करून मिळवलेल्या पौंडावर जास्त कर आणि घरबसल्या आलेल्या पौंडावर कमी. हे आकडे मी रोज संगणकात भरते आणि रोज खटकतात. शिवाय ती १२,५७० ची मर्यादा २०२१ पासून गोठवून ठेवलेली आहे. महागाईबरोबर पगार थोडा वाढला की करही वाढतो, दर बदलल्याची घोषणा न करता.

पण खरा अन्याय पाहायचा असेल तर कौन्सिल टॅक्सचं बिल हातात घ्या. आपल्याकडच्या घरपट्टीचाच हा प्रकार, फक्त इथे घरात राहणारा भरतो, भाडेकरू असला तरी. मार्चमध्ये बिल येतं आणि बहुतेक जण एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत ते फेडतात. बिलावर कौन्सिलचा हिस्सा, पोलिसांचा, अग्निशमन दलाचा आणि वृद्ध-अपंगांच्या देखभालीची वेगळी ओळ असते. आणि असतं एक अक्षर, ए ते एच यांपैकी. तो तुमच्या घराचा बँड. बँड कशावरून ठरतो? १ एप्रिल १९९१ रोजी हे घर केवढ्याला गेलं असतं, त्यावरून. नंतर बांधलेल्या घरांचीही त्याच दिवशीची किंमत अंदाजाने ठरवतात. सर्वांत वरचा बँड तेव्हाच्या ३,२०,००० पौंडांना सुरू होतो आणि त्याच्या पुढे पायरीच नाही. एच बँडला डी बँडच्या दुप्पट कर, बस. लंडनमधलं घर त्यानंतर कितीही पटींनी वाढू दे.

माझं घर सी बँडमध्ये आहे. नॉटिंगहॅममध्ये २०२४-२५ साली डी बँडचा कर २,४०० पौंडांच्या वर होता. सी म्हणजे त्याचे आठ-नवमांश, म्हणून माझं बिल २,१०० च्या वर गेलं. त्याच वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये डी बँडला हजार पौंडसुद्धा पडत नव्हते. म्हणजे तिथल्याच मेफेअरमधल्या कोट्यवधी पौंडांच्या हवेलीला एच बँडमध्ये दोन हजारांच्या आत बिल. हवेलीवाल्यापेक्षा मी जास्त भरते. आमच्या शहरातली बहुसंख्य घरं सर्वांत खालच्या ए बँडमधली आहेत, आणि त्यांच्या आणि त्या हवेलीच्या बिलातला फरक चारशे पौंडांचाही नाही. ए बँडमध्ये कोण राहतं हे मला माहीत आहे, कारण त्यांचीच पगारपत्रकं मी करते.

यात आमच्या कौन्सिलच्या कारभाराचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने अंदाजपत्रकाचा मेळ बसत नसल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं, बर्मिंगहॅमने त्याआधी सप्टेंबरमध्ये. पण मूळ दुखणं मोजमापाचं आहे. जिथे घरं स्वस्त, तिथे गरजू माणसं जास्त आणि कराचा पाया लहान. २०१० नंतर केंद्राचं अनुदान आटत गेलं तशी ही शहरं दर वाढवत राहिली. वेस्टमिन्स्टरला घरं महाग आणि पार्किंगचं उत्पन्न भरपूर, तिथे दर कमी ठेवून भागतं.

मग १९९१ ची किंमत कुणी बदलत का नाही? वेल्सने बदलली, २००५ पासून नवी मूल्यं लागू केली. वर सरकलेली घरं खाली आलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली आणि ओरड झाली. इंग्लंडात तेच २००७ मध्ये व्हायचं होतं, सरकारने आधीच माघार घेतली. त्याआधीची आठवण तर सगळ्याच पक्षांच्या मनात ताजी होती. मार्गारेट थॅचर यांनी घराऐवजी माणशी कर आणला, १९८९ मध्ये स्कॉटलंडात आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये. उमरावाला आणि त्याच्या मोलकरणीला जवळपास सारखाच. मार्च १९९० मध्ये ट्राफल्गार चौकात दंगल उसळली, नोव्हेंबरमध्ये थॅचर यांना पंतप्रधानपद सोडावं लागलं. त्या काळात कराच्या नोंदीत सापडू नये म्हणून अनेक गरिबांनी मतदारयादीत नाव घालणंच सोडलं. म्हणजे एका अन्यायी कराने माणसांचं मतही काढून घेतलं. ब्रिटनच्या अलीकडच्या इतिहासात मला इतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही नाही.

इथूनच मी निवडणूक पद्धतीकडे येते. आपल्या लोकसभेला आहे तीच पद्धत इथे आहे. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं, तो खासदार, मग ती ३० टक्के का असेनात. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाला देशभर ३३.७ टक्के मतं मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा. रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के, म्हणजे ४० लाखांहून जास्त मतं, आणि जागा पाच. त्याहून कमी मतं मिळवून लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ७२. रिफॉर्म पक्ष माझ्यासारख्या स्थलांतरितांबद्दल जे बोलतो त्याने मला त्रास होतो, मी त्यांना कधीही मत देणार नाही. तरीही त्या ४० लाख माणसांचा हिशेब चुकीचा लागला असं मी कुणालाही सांगेन. न्याय फक्त आपल्या बाजूच्यांसाठी मागायचा नसतो.

या पद्धतीत निकाल ठरतो तो मोजक्या, घासून लढत होणाऱ्या मतदारसंघांत. लंडनच्या हेंडनमध्ये २०२४ ला अवघ्या १५ मतांनी निकाल लागला. माझा मतदारसंघ १९९२ पासून मजूर पक्षाकडेच आहे, इथे कुणी घाम गाळत नाही. लंडन आणि आसपासच्या पट्ट्यात घरांच्या किमती सर्वांत जास्त वाढल्या, म्हणजे फेरमूल्यांकन झालं तर बिलं तिथे वाढणार, आणि घासून लढत होणाऱ्या अनेक जागा तिथेच आहेत. नॉटिंगहॅमच्या ए बँडवाल्याचा फायदा झाला म्हणून एकही जादा जागा पदरात पडत नाही. कोणता अर्थमंत्री यात हात घालेल? नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी २० लाख पौंडांवरच्या घरांना २०२८ पासून वर्षाला २,५०० ते ७,५०० पौंडांचा अधिभार जाहीर केला. मला तो योग्य वाटतो. पण खालच्या बँडमधल्या घरांचं १९९१ तसंच राहिलं.

पद्धत बदलली की कर आपोआप सुधारतो, असा माझा दावा नाही. स्कॉटलंडच्या पार्लमेंटमध्ये १९९९ पासून मतांच्या प्रमाणात जागा भरून काढतात, तरी तिथेही कौन्सिल टॅक्स १९९१ वरच अडकलाय. मात्र त्याच पार्लमेंटने प्राप्तिकराचे टप्पे वाढवून सहा केले आणि चांगल्या पगारवाल्यांकडून जास्त घेतलं. एकट्याच्या बळावर बहुमत मिळणं अवघड असलं की पक्षांना बसून बोलावं लागतं, कधीकधी त्यातून काहीतरी निघतं. तिथल्या कौन्सिलांना तर आपल्या राज्यसभेसारखे पसंतीक्रम देऊन मतदान होतं आणि लोक ते सहज करतात. "सामान्य माणसाला कळणार नाही" हा युक्तिवाद मला अपमानास्पद वाटतो.

२०११ मध्ये पार्लमेंटसाठी पसंतीक्रमाच्या पद्धतीवर सार्वमत झालं आणि ६८ टक्क्यांनी नाही म्हटलं. विरोधक अजून तेच पुढे करतात. पण त्या प्रस्तावात मतांच्या प्रमाणात जागा मिळणारच नव्हत्या, त्यामुळे तो प्रश्न अजून लोकांना विचारलेलाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचं एक खासगी विधेयक मांडायला पार्लमेंटने १३८ विरुद्ध १३६ अशी परवानगी दिली. त्याचा कायदा होणार नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी मला त्या रात्री आनंद झाला.

तर फरक काय पडतो? माझ्या मतदारसंघात माझ्या एका मताने खासदार बदलणार नाही, हे खरं. पण कौन्सिलच्या निवडणुकीत वॉर्ड लहान असतात, तिथे पडतो. आणि प्रचाराला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी दोनच गोष्टी विचारते: १९९१ ची किंमत कधी बदलणार, आणि मतमोजणीची पद्धत बदलायला तुमचा पक्ष हो म्हणणार का? यादीत नाव असलेल्या घरी ते थांबून उत्तर देतात, कारण त्यांच्या हातातला कागद मतदारयादीवरूनच काढलेला असतो. नव्याने आला असाल तर नॅशनल इन्शुरन्स क्रमांक मिळाल्याबरोबर ऑनलाइन नाव नोंदवा, पाच मिनिटांचं काम आहे. मतदानाच्या आधी कामाचे बारा दिवस उरले की त्या निवडणुकीसाठी नोंदणी बंद होते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.