तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्याकडे घेवडा एवढे दिवस येतो कसा?

प्रश्न साधारण असा असतो, की आमच्या कुंडीत झाड छान येतं, फुलं पण येतात, पण मूठभर शेंगा मिळाल्या की खेळ खल्लास, आणि तुमच्याकडे मात्र श्रावणापासून दसऱ्यापर्यंत चालूच, तुम्ही घालता तरी काय? पुण्यात सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावाल्यांना मागे जागेचा एकेक पट्टा मिळालाय, तिथे माझा श्रावणघेवडा (फरसबी हो) कंपाउंडवरून सगळ्यांना दिसतो, त्यामुळे सकाळी फिरायला निघालेल्या काकूंपासून जाऊबाईंपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय.

तर घालत काही नाही. आणि अर्धं उत्तर असं की दसऱ्याला जी शेंग दिसते ती श्रावणातल्या झाडाची नसतेच. घेवड्याच्या जाती दोन तऱ्हेच्या, एक झुडपी आणि एक वेलाची. झुडपी जात पेरल्यापासून 45-50 दिवसांत शेंगा द्यायला लागते आणि दोन-तीन आठवड्यांत आटोपते, तिचा स्वभावच तो, तुम्ही काहीही केलंत तरी ती दोन महिने शेंगा देत बसणार नाही. म्हणून मी सगळं पाकीट एकदम पेरत नाही, जूनच्या शेवटी थोडं, मग पंधरा-वीस दिवसांनी थोडं, असं ऑगस्टच्या मध्यापर्यंत पेरत राहते. वेलाची जात पहिली शेंग द्यायला दहा-पंधरा दिवस जास्त घेते पण पुढे सहा-आठ आठवडे चालते, फक्त तिला चढायला पाच-सहा फूट सुतळी किंवा काठी पाहिजे. हे वेल वरून बघितलं तर कायम घड्याळाच्या काट्याच्या उलट्या दिशेने वळत जातात, आमच्या ह्यांनी एकदा फार प्रेमाने सगळे वेल दुसऱ्या बाजूने गुंडाळून ठेवले होते, ते सगळे सुटून परत आपल्या मनाप्रमाणे चढले. पाकिटावर कुठली जात ते लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. कंटेंडर आणि अर्का कोमल ह्या इथे सहज मिळणाऱ्या जाती दोन्ही झुडपी आहेत, त्यातली अर्का कोमल बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेली. बी गुलाबी-लाल दिसलं तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, पेरून झाल्यावर हात धुवा आणि उरलेलं बी पोरांच्या हाताला लागू देऊ नका. किराण्यातला राजमा पेरला तर चालेल का, हेही विचारतात. उगवतो, राजमा आणि फरसबी झाड एकच, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा तो जीआयवाला (म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला) वाघ्या घेवडासुद्धा त्यातलाच, पण त्या जाती दाण्यासाठी घेतात, त्यांची हिरवी शेंग लवकर चिवट होते.

आता उरलेलं अर्धं उत्तर, आणि माझ्या मते खरं तेच. तुम्ही शेंगा तोडत नाही.

म्हणजे तोडता, पण कधी, तर भाजीपुरत्या झाल्या की. चार-पाच झाडं असतात, एका वेळी दहा-बारा शेंगा तयार होतात, आपण म्हणतो एवढ्याची काय भाजी होणार, राहू दे, अजून येतील मग पाव किलो एकदम काढू. तेवढ्यात पहिल्या शेंगांमध्ये दाणे भरायला लागतात, आणि झाडाला भाजीशी काही देणंघेणं नाही हो, त्याला बी करायचंय. बी भरायला लागलं की झाड सगळं अन्न तिकडे पाठवतं, नवीन फुलं कमी काढतं, काढलेली गाळून टाकतं, आणि तुम्ही म्हणता माती बाद, खत कमी, नजर लागली. उलट शेंगा कोवळ्या असताना काढत राहिलात तर त्याचं बी व्हायचं राहूनच जातं आणि ते परत फुलतं.

म्हणून बहर असेल तेव्हा एक दिवसाआड तोडायचंच, सहा शेंगा असल्या तरी सहा. फूल उमलल्यापासून दहा-बारा दिवसांत शेंग तोडायला येते, पेन्सिलीएवढी जाड, बाहेरून दाण्याचे उंचवटे दिसत नाहीत आणि मोडली तर कट्कन मोडते, वाकली तर उशीर झाला. शेंगा पानांच्या आड लपतात, उभ्याने वरून बघितलं तर निम्म्या दिसतच नाहीत, खाली बसून पानं उचलायची, मग दुसऱ्या बाजूला जाऊन परत बघायचं, कारण एक-दोन विसरलेल्या जून शेंगासुद्धा झाडाला थांबवायला पुरतात. दुसरी गोष्ट, ओढायचं नाही. एका हाताने फांदी धरायची आणि दुसऱ्याने शेंग खुडायची, ह्याच्या फांद्या फार ठिसूळ असतात, शेंगेबरोबर फुलांचा अख्खा तुरा हातात येतो. आणि पानं ओली असताना हात लावायचा नाही, तांबेरा आणि करपा हे रोग ओल्या हाताने ह्या झाडावरून त्या झाडावर जातात. आता श्रावणात पुण्यात पानं पूर्ण वाळायची वाट बघायची तर दिवाळी उजाडेल, पण दुपारी जरा उघडीप मिळते ना, तेव्हा जा.

आणि त्या सहा शेंगांचं काय करायचं, तर न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये भाजीच्या ट्रेमध्ये ठेवायच्या. चार-पाच दिवस मस्त राहतात, तेवढ्यात अजून दोन तोडण्या होतात आणि भाजीपुरत्या जमतात. फ्रीजच्या सगळ्यात गार कप्प्यात नको, तिथे तपकिरी डाग पडतात.

खताबद्दल मात्र उलटं सांगते, कमी घाला. हे कडधान्याच्या घराण्यातलं झाड, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन घेतात, चवळी-मुगाएवढं हे त्यात हुशार नाही म्हणून पेरायच्या आधी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा, पण नंतर युरिया-बिरिया टाकत बसलात तर पानं अशी माजतात की बघत राहावं, आणि शेंगा नाहीत. बी पेरायचं ते जागेवरच, इंचभर खोल, 12 इंची कुंडीत तीन-चार, रोपं करून हलवायची नाहीत. रात्रभर भिजवू पण नका, फुटून कुजतं. माती आदल्या दिवशी ओली करून पेरा आणि उगवेपर्यंत, म्हणजे पाच-आठ दिवस, पाण्याचा हात आखडता घ्या. उगवल्यावर बुलबुल आणि कबुतरं कोवळे कोंब खुडतात, तेवढे दिवस जाळी. मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला तर पाण्याचा जोरात फवारा, नाही गेला तर लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी.

हंगामाचं पण एक. एप्रिल-मे मध्ये पुण्यात लावूच नका, पारा 38-40 ला जातो आणि घेवड्याची फुलं त्याच्या बऱ्याच आधी, तिशी ओलांडली की गळायला लागतात. तेव्हा गवार लावा, तिला ऊन मानवतं. घेवड्याला पावसाळा, मग सप्टेंबर-ऑक्टोबर (माझ्या मते सगळ्यात छान, कारण पाऊस सरलेला आणि ऊन सौम्य), नाहीतर जानेवारीच्या शेवटी पेरून मार्चमध्ये उरकायचं.

मंडईत मिळतो की घेवडा, मग कशाला एवढा उपद्व्याप, असंही विचारणारे आहेत. त्यांना मी एकदा भाजी देते, नुसती हिंग-मोहरीची फोडणी, हिरवी मिरची, ओलं खोबरं. शिरा काढायलाच लागत नाहीत इतकी कोवळी शेंग. फक्त नातवंडं वेलावरच्या कच्च्या खायला लागली तर थांबवा, कच्च्या दाण्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, त्याने पोट बिघडतं, शिजवलं की जातं.

आणि अजून खात्री पटत नसेल तर एक झाड माझ्याकडे येऊन बघा. मी दर वेळी एका झाडाला लाल दोरा बांधते आणि त्याची एकही शेंग तोडत नाही, ते बियाण्याचं. फुलं आपली आपणच फळतात त्यामुळे बी जातीला धरून येतं, फक्त पाकिटावर हायब्रीड लिहिलेलं नको. तीच माती, तेच पाणी, आणि शेजारची झाडं शेंगांनी लगडलेली असताना दोरावालं झाड पिवळं पडून बसलेलं असतं. शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या की मी बी काढून पूर्ण सुकवून बरणीत भरते. हवं असेल तर डबी घेऊन या, पण गणपती झाल्या झाल्या या, नंतर वाटून संपतं.