ढीग दिसला की

आमच्या बिल्डिंगला बाहेरून प्लास्टर करायचं चाललंय. परवा दुपारी दूध आणायला खाली उतरलो तर गेटच्या आत, बरोब्बर माझी स्कूटर अडवून, वाळूचा ढीग. इकडे तिकडे बघितलं, कोणी नव्हतं. चप्पल काढली आणि पाय घातला. वय वर्षं चौपन्न.

आणि साफ निराशा. ही क्रश सँड म्हणे, खडी मशीनमधनं दगड फोडून काढलेली, काळसर, टोचरी. नदीची वाळू आता मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, आणि नद्यांची हालत बघता न मिळालेलीच बरी, हे सगळं मला पटतं, पण तिच्यात एक शिंपला नाही हो! वॉचमन कधी मागे येऊन उभा राहिला कळलंच नाही. "साहेब, काही पडलं का?" मी म्हटलं, हो, किल्ली. मग आम्ही दोघांनी मिळून पाच मिनिटं किल्ली शोधली, जी माझ्या खिशात होती.

आमच्या लहानपणी गल्लीत कोणाचं तरी बांधकाम कायम चालू असायचं आणि वाळूचा ट्रक रिकामा होत असतानाच आम्ही पोरं हजर. वरची वाळू गरम, हात कोपरापर्यंत घातला की आत गार आणि ओली. पाय पुरून वरून थापटून थापटून हळूच पाय काढायचा की झाला खोपा. नाहीतर दोघांनी दोन बाजूंनी बोगदा खणत यायचं आणि आत कुठंतरी अचानक दुसऱ्याची बोटं हाताला लागायची, ती कोणाची ते पक्कं माहीत असूनही दरवेळी दचकायला व्हायचं. शंख, शिंपले, गारगोट्या निघायच्या, आणि मांजरांनी पुरून ठेवलेला मालही निघायचा, तो एक भाग सोडून देऊ. घरमालक वाळू पसरवता म्हणून ओरडायचा, आई ढीग सांगायची जाऊ नका म्हणून, पण ढीग सांगून कोणी ऐकलंय का कधी.

तर मला ही खोड आहे. ढीग दिसला की त्यात बोट घालायचं. पानात भाताची मूद आली की पहिलं बोट तिच्या माथ्यात. मग त्या खड्ड्यात वरण, वरून तूप, आणि तळं काठोकाठ भरलं की एका बाजूने धरण फोडायचं. आज्जी म्हणायची, अरे तूप वाढेस्तोवर तरी दम धर, मुदीला काय धाड भरली होय रे. पंगतीत फार पंचाईत व्हायची, सगळे श्लोक संपायची वाट बघतायत आणि माझ्या पानात आधीच धरणफुटी. बायको मला अजूनही भात वाटीत देते. मूद पाडतच नाही.

भाजीबाजारात या खोडीला थारा नाही. तिथं टोमॅटो, लिंबं, मिरच्या यांचे वाटे लावलेले असतात, दहा रुपये ढीग, वीस रुपये ढीग. या ढिगातलं एक बरं लिंबू त्या ढिगात सरकवायला गेलं की मावशी खवळलीच, "ओ दादा, घ्यायचा तर आख्खा घ्या, हात नका लावू." त्या ग्रीक लोकांनी म्हणे डोकं खाजवून ठेवलंय की एकेक दाणा काढत गेलं तर ढीग ढीग राहायचा कधी थांबतो. मावशीला विचारायचं होतं. चार लिंबांचा होतो, तीनचा नाही.

आणि हे वेड माझं एकट्याचं नाही, याला महाभारतात आधार आहे. शर्याती राजाची पोरगी सुकन्या रानात खेळायला गेली, तिथं तिला एक वारूळ दिसलं आणि त्यात दोन चकाकणाऱ्या गोष्टी. हिनं घेतला काटा आणि टोचला. ते निघाले आत तप करत बसलेल्या च्यवन ऋषींचे डोळे. ऋषी इतके संतापले की राजाच्या अख्ख्या सैन्याचं मलमूत्र अडलं (व्यासांनी लिहिलंय, मी नाही), आणि शेवटी त्या म्हाताऱ्याशीच तिचं लग्न लावून द्यावं लागलं. पुढे अश्विनीकुमारांनी त्याला तरुण केलं वगैरे आणि थंडीत आपण त्याच्या नावाचं प्राश चाटतो ते वेगळं. वारूळ वाल्मीकींच्या अंगावरही चढलं होतं, नावच त्यावरून पडलं, पण तिकडे कोणी राजकन्या काटा घेऊन फिरकली नाही, म्हणून रामायण तरी झालं.

खरंतर वारूळ बांधते वाळवी, राहायला जातो नाग आणि नागपंचमीला दूध-लाह्याही त्यालाच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते उगीच नाही. वाळवीची थोडीफार कदर तळकोकणात आणि गोव्यात आहे, तिथं सातेरीच्या काही देवळांत गाभाऱ्यात वारूळच देवी म्हणून पुजतात. अशा एका देवळात मी गेलो होतो, हात जोडून घट्ट धरून उभा होतो. जोडले कमी, धरले जास्त.

माझं आजोळ मराठवाड्यात. गावाबाहेर एक टेकाड होतं, त्याला पांढर म्हणायचे. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती, आणि हे टेकाड म्हणजे कधीतरी उठून गेलेली वस्ती, घरांवर घरं पडून, राख आणि माती साचून झालेला ढीग. गावातला प्रत्येक जण तिथनं गाडीनं माती आणायचा, कारण माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, टाकायला तिच्यासारखी माती नाही, पाणी गळत नाही. हे जगभर चालतं म्हणा, हडप्पाच्या टेकाडातल्या विटा रेल्वेवाल्यांनी लाहोर-मुलतान लाइनच्या भरावाला नेल्या होत्या. आमचं तर नुसतं माळवद होतं. एकदा पहिल्या पावसानंतर पन्हाळीखाली, पाणी पडून पडून झालेल्या खळग्यात, मला एक तांबडा मणी सापडला. आज्जीला दाखवला तर ती केवढ्यांदा ओरडली, पांढरीचं काही घरात आणायचं न्हाई, ठिवून ये जा. मी टेकाडावर जाऊन ठेवून आलो. अख्खं घर डोक्यावर पांढर घेऊन उभं होतं हे मला फार वर्षांनी सुचलं, तेव्हा सांगायला आज्जी नव्हती.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची पांढर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्ववाल्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उकरली. ग्रँट मिळाली की खोडीला उत्खनन म्हणतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली त्यांना लहान मुलं पुरलेली सापडली, दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून, आत ते पोर. बाहेर कुठं नाही, घरातच, वर चालायचं-जेवायचं तिथंच. हे वाचलं त्या दिवशी मी मुदीत बोट घातलं नाही.

आज्जी गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी आम्ही सावडायला गेलो. नदीला पाणी नव्हतं, वाळूही नव्हती, नुसते खडक उघडे पडलेले. मामानं राखेवर दूध शिंपडलं आणि म्हणाला, हं, वेच. केवढासा ढीग, गुडघ्याएवढाही नाही. मला हातच पुढं करवेना. मामा जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, घाल की हात, लहानपणापासनं तेच तर करतोस.

घातला. आत अजून कोमट होती.