चार बटणे आणि आमची गडर लाइन

15 जानेवारी 2026 रोजी नागपूर महानगरपालिकेसाठी मतदान करताना माझ्यापुढच्या शेजारच्या काकू एकच बटण दाबून निघाल्या, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना परत बोलावले, कारण आणखी तीन जागांची मते द्यायची राहिली होती. "बाकीचे तिघं कोण हायेत, मले काय माहीत?" असे त्या म्हणाल्या आणि हा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. आपल्या 151 जागा 38 प्रभागांत विभागलेल्या आहेत. 37 प्रभाग चार सदस्यांचे आणि एक तिघांचा. इतक्या मोठ्या प्रभागात उमेदवार मतदाराला ओळखत नाही, आणि जबाबदारी चौघांची असली की ती कोणा एकाचीच राहत नाही.

तरीही हे चौघे हवेतच, कारण ते नसताना काय होते ते आम्ही भोगले आहे. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षे प्रशासकांचा कारभार चालला. आमच्या गल्लीतली गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची वाहिनी, तुंबली की अर्ज देऊन यायचे, साहेबांची बदली झाली की तोच अर्ज नव्याने लिहायचा. सभागृहात प्रश्न विचारणारे कोणीच नव्हते.

राज्यघटनेचे कलम 243-यू मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे स्पष्ट सांगते. निवडणूक ज्यामुळे लांबली तो ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता, तो सोडवणे आवश्यकच होते. पण मार्च 2022 मध्ये प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे देणारी दुरुस्ती विधिमंडळाने एकमताने केली, याचे मला अधिक दुःख आहे. ज्यांना निवडणूक लढवायची आहे त्यांनीच प्रभागांच्या सीमा आखाव्यात, हे कोणत्याही पक्षाचे सरकार असले तरी योग्य नाही. हा अधिकार आयोगाकडे परत जावा, रचना आणि आरक्षण मुदत संपण्याच्या किमान वर्षभर आधी निश्चित व्हावे आणि एका प्रभागातून एकच सदस्य निवडला जावा, असे मला मनापासून वाटते.

गेल्या आठवड्यात गडर लाइन पुन्हा तुंबली. चौघांपैकी फोन कोणाला करायचा असे काकूंनी विचारले, तेव्हा मी त्यांना चौघांचेही नंबर लिहून दिले.